०-४ ते १,५९९ : टॉमी लासोर्डाचं प्रकरण

मेजर लीग बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून टॉमी लासोर्डाच्या नावावर २६ सामने आहेत. त्यांत विजय शून्य, पराभव चार. १९९७ मध्ये हाच माणूस बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला तो मॅनेजर म्हणून. तेव्हा त्याच्या खात्यात लॉस एंजेलिस डॉजर्सचे १,५९९ विजय, मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक असलेल्या नॅशनल लीगची चार अजिंक्यपदं आणि दोन्ही शाखांच्या विजेत्यांत होणाऱ्या अंतिम मालिकेतली, वर्ल्ड सिरीजमधली, १९८१ व १९८८ ची दोन विजेतेपदं जमा होती.

ही गोष्ट सहसा एकाच चालीत सांगितली जाते. खेळाडू म्हणून सुमार, पण बोलण्यात पटाईत, उत्साह दांडगा आणि नशीब जोरावर. मला ती चाल पुरती पटत नाही. लासोर्डाने मॅनेजर म्हणून जे जे केलं, त्यातलं बहुतेक सगळं तो मायनर लीगमध्ये शिकला होता. त्याच्या चुकाही तिथूनच आल्या.

क्रिकेटवर पोसलेल्या वाचकासाठी दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात. बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे तंबूत बसून हिशेब बघणारा माणूस नव्हे. मैदानात कोण उतरणार ते तोच ठरवतो, फलंदाजीचा क्रम तोच लावतो, पिचरला कधी थांबवायचं तेही तोच ठरवतो. क्रिकेटमधला कर्णधार आणि प्रशिक्षक एकाच अंगात, तोही संघाचा गणवेश घालून. आणि मायनर लीग म्हणजे मोठ्या संघांनी पोसलेली पायऱ्यापायऱ्यांची उतरंड. खेळाडू मालकीचा वरच्या संघाचा, राबणार खालच्या गावात. बसचा प्रवास, तुटपुंजा पगार, आणि वरून बोलावणं कधी येईल याची वाट.

मॉन्ट्रियलचा राजा

लासोर्डाचा जन्म १९२७ चा, पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउनचा. वडील इटलीहून आलेले, ट्रक चालवायचे, घरात पाच मुलगे. १९४५ मध्ये फिलाडेल्फिया फिलीजने त्याला करारबद्ध केलं आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या कॉन्कॉर्डला धाडलं. तिथे ३ विजय, १२ पराभव. मग दोन वर्षं लष्करात. परतल्यावर १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीकडून खेळताना ३१ मे रोजी त्याने जे केलं ते आजही लोक आठवून सांगतात. सामना नेहमीच्या नऊऐवजी १५ इनिंगपर्यंत लांबला. लासोर्डा पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत टाकत राहिला, २५ फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं, आणि विजयी धावही स्वतःच्याच बॅटने आणली.

या एका सामन्यात त्याचा पुढचा सगळा स्वभाव दिसतो, म्हणून तो लक्षात ठेवायचा. पिचर खरा कोण, तर जो शेवटपर्यंत उभा राहतो तो, हे त्याच्या मनात कायमचं बसलं. पुढे याची किंमत दुसऱ्यांच्या खांद्यांनी मोजली. त्याकडे वळूच.

त्या वर्षअखेरच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या फेरीत, ब्रुकलिन डॉजर्सने त्याला उचललं; पुढे लॉस एंजेलिसला गेला तो हाच संघ. ब्रुकलिनची मायनर लीगमधली शेती तेव्हा अफाट होती, वीसच्या वर संघ आणि शेकडो पोरं. सगळ्यांत वरच्या पायरीवर मॉन्ट्रियल रॉयल्स. लासोर्डा तिथे १९५० मध्ये पोहोचला आणि मधल्या वर्षांची ये-जा सोडली तर १९६० पर्यंत तिथलाच झाला. मॉन्ट्रियलसाठी त्याने १०७ सामने जिंकले. त्या संघाच्या इतिहासात एवढे विजय दुसऱ्या कुणाही पिचरचे नाहीत. १९५८ मध्ये तर १८ विजय आणि अवघे ६ पराभव.

मग वर का नाही? एक कारण सरळ होतं. वर जागाच नव्हती. ब्रुकलिनकडे डॉन न्यूकम, कार्ल अर्स्किन, क्लेम लॅबाइन, डावखुरे प्रीचर रो आणि जॉनी पॉड्रेस. शिवाय रिझर्व्ह क्लॉज नावाचं कलम होतं, त्यामुळे खेळाडूला आपल्या मर्जीने संघ बदलता येत नसे. दुसऱ्या एखाद्या संघात त्याला चार वर्षं आधी संधी मिळाली असती, पण जाणार कसा?

दुसरं कारण त्याच्याच हातात होतं, आणि ते आकड्यांत लख्ख दिसतं. मेजर लीगमधल्या ५८ पूर्णांक एक तृतीयांश इनिंगमध्ये त्याला फलंदाजांनी हिट मारले ५३. हे अजिबात वाईट नाही. पण त्याने वॉक दिले ५६. चार चेंडू बाहेर टाकायचे आणि फलंदाजाला फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे एक धाव पुरी करायच्या चार थांब्यांपैकी पहिल्यावर, पाठवायचं, हे जवळजवळ दर इनिंगला एकदा. त्याचा कर्व्हबॉल मारणं अवघड होतं, तसाच तो ताब्यात ठेवणंही. ५ मे १९५५ ला ब्रुकलिनने त्याला सुरुवातीचा पिचर म्हणून उतरवलं. समोर सेंट लुईस. पहिल्याच इनिंगमध्ये तीन वाइल्ड पिच, म्हणजे कॅचरलाही न आवरणारे चेंडू. एका इनिंगमध्ये तीन हा तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी करणारा आकडा. त्याच इनिंगमध्ये होम प्लेट, म्हणजे जिथे धाव पुरी होते तो शेवटचा थांबा, राखायला धावला असताना सेंट लुईसच्या वॉली मूनच्या बुटाचे खिळे त्याच्या गुडघ्यात घुसले. इनिंग संपली, लासोर्डाला बसवलं. ब्रुकलिनसाठी सामन्याची सुरुवात करण्याची संधी त्याला पुन्हा मिळाली नाही.

कोफॅक्सचा किस्सा

त्यानंतर महिनाभराने जे घडलं ते लासोर्डाने आयुष्यभर रंगवून सांगितलं. सँडी कोफॅक्स नावाचा १९ वर्षांचा डावखुरा पोरगा ब्रुकलिनने आदल्या डिसेंबरात १४,००० डॉलर बोनस देऊन घेतला होता. तेव्हाचा नियम असा, की ४,००० डॉलरहून जास्त बोनस दिलेल्या नवख्याला दोन वर्षं खालच्या संघात पाठवता येणार नाही. जूनमध्ये कोफॅक्स दुखापतीतून बरा झाला आणि एकाला जाणं भाग पडलं. लासोर्डा गेला. लासोर्डाच्या तोंडून ऐकायचं तर, संघात कुणाला घ्यायचं-काढायचं ते ठरवणाऱ्या जनरल मॅनेजर बझी बवासीने त्याला विचारलं की माझ्या जागी तू असतास तर कुणाला काढलं असतंस, आणि याने बिनदिक्कत कोफॅक्सचं नाव घेतलं. पुढे कोफॅक्स इतिहासातल्या थोर डावखुऱ्यांत गणला गेला. मग लासोर्डा म्हणू लागला, मला संघाबाहेर काढायला जगातला सर्वोत्तम डावखुरा लागला!

आपल्याकडे अशा वेळी पद्माकर शिवलकर आठवतात. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही बेदींच्या काळात जन्मल्यामुळे एकही कसोटी न मिळालेले. पण ही तुलना लासोर्डाला फार झुकतं माप देते. शिवलकरांच्या टप्प्यावर कुणी कधी शंका घेतली नाही. लासोर्डाच्या टप्प्यावर घेता येत होती. आणि १९५५ मध्ये कोफॅक्सही अजून कोफॅक्स झाला नव्हता. पहिली सहा वर्षं तोही चेंडू भलतीकडे फेकत होता, आणि त्याच्या विजयांपेक्षा पराभव जास्त होते. दोघांत फरक एवढाच की नियम एकाच्या बाजूने होता. लासोर्डाने मात्र ‘नियमाने घालवलं’ असं रडगाणं गायलं नाही. विनोद करून टाकला. हरलेल्या गोष्टीचा किस्सा करून तिचं ओझं उतरवायचं, हे त्याचं कसब पुढे ड्रेसिंग रूममध्ये फार उपयोगी पडलं.

डेन्व्हरमधला मास्तर

१९५६ मध्ये ब्रुकलिनने त्याला कॅन्सस सिटीला विकलं. त्याचे चारही पराभव तिथले. हंगामाच्या मध्यात तिथून तो न्यूयॉर्क यँकीजच्या व्यवस्थेत, त्यांच्या डेन्व्हर बेअर्स संघात गेला. डेन्व्हर मैलभर उंचीवर वसलेलं. विरळ हवेत कर्व्हबॉल नीट वळत नाही आणि मारलेला चेंडू लांब जातो, त्यामुळे पिचरला ते गाव शापच. पण तिथे मॅनेजर होता राल्फ हाउक.

हाउकची स्वतःची कारकीर्द पाहण्यासारखी आहे. तो यँकीजचा राखीव कॅचर. आठ हंगामांत मिळून ९१ सामने, कारण पुढे योगी बेरा होता. बाकावर बसून त्याने माणसं वाचली. खेळाडूला विश्वासात घ्यायचं, चारचौघांत त्याची बाजू घ्यायची आणि हजेरी दार लावून घ्यायची, ही त्याची पद्धत. पुढे १९६१ आणि १९६२ मध्ये यँकीजला त्याने वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. आपण मॅनेजर झालो तर हाउकसारखं वागायचं, हे डेन्व्हरमध्ये ठरलं, असं लासोर्डा शेवटपर्यंत सांगत असे.

बेसबॉलमध्ये असा समज आहे की पिचर चांगला मॅनेजर होत नाही. रोज खेळतो तो कॅचर किंवा इनफिल्डर, म्हणजे बेसजवळचा क्षेत्ररक्षक, त्याला सगळा डाव दिसतो. पिचर चार दिवसांतून एकदा मैदानात येतो. माझ्या मते लासोर्डाच्या बाबतीत हेच उलटं फळलं. उरलेले तीन दिवस तो बाकावर असे. पंचाशी हुज्जत घाल, समोरच्या संघाला डिवच, नव्या पोराला धीर दे, हे उद्योग करायला त्याला वेळच वेळ होता. हिवाळ्यात चार पैसे मिळवायला तो क्यूबा, पनामा, प्वेर्तो रिकोतल्या लीगमध्ये जाई, तिथे स्पॅनिश शिकला. हे शिक्षण कुठल्या अभ्यासक्रमात बसत नाही, पण मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातल्या एका खेड्यातून आलेला, इंग्रजी न येणारा फर्नांडो व्हॅलेन्झुएला समोर उभा राहिला, तेव्हा ते कामाला आलं.

ऑग्डेनची पोरं

जुलै १९६० मध्ये डॉजर्सने त्याला खेळाडू म्हणून मोकळं केलं आणि स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारा, म्हणून ठेवून घेतलं. पाच वर्षं शाळा-कॉलेजांची मैदानं पालथी घातल्यावर १९६५ मध्ये आयडाहोतल्या पोकाटेलोचा संघ हाती आला, पुढच्या वर्षी युटाहमधलं ऑग्डेन. पायोनियर लीग, म्हणजे उतरंडीतली सगळ्यांत खालची पायरी. नुकती शाळा सुटलेली, घर सोडून पहिल्यांदाच बाहेर पडलेली मुलं.

१९६६, १९६७, १९६८. ऑग्डेनने सलग तीन वर्षं विजेतेपद घेतलं.

तिथे तो काय करत होता, याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. त्याने आपल्या मुलांना लॉस एंजेलिसच्या संघातल्या खेळाडूंना पत्रं लिहायला लावली. ज्याची जागा आपल्याला हवी त्याच्याच नावे, मजकूर साधारण असा की मी येतोय, तुम्ही निवृत्तीची तयारी ठेवा. वर बसलेल्या अनुभवी मंडळींना हा आचरटपणा वाटला असणार, आणि होताही. पण पत्र लिहिणाऱ्या १८ वर्षांच्या पोराकडून बघा. ज्याचं नाव कालपर्यंत वर्तमानपत्रात वाचलं, तो आता आपला प्रतिस्पर्धी आहे, हे त्याला स्वतःच्या हाताने कागदावर उतरवावं लागलं. लासोर्डाला नेमकं तेच हवं होतं. त्याला स्वतःला वर्षानुवर्षं वाटत राहिलं होतं की मॉन्ट्रियल आणि ब्रुकलिन यांच्यामधली भिंत आपल्याहून मोठी आहे. पोरांना ती भिंत दिसूच नये, अशी त्याची धडपड.

यात नशिबाचा वाटा होता हेही मान्य करायला हवं. १९६८ च्या ड्राफ्टमध्ये डॉजर्सने स्टीव्ह गार्व्ही, रॉन से, डेव्ही लोप्स, बिल बकनर, बॉबी व्हॅलेंटाइन, टॉम पॅचोरेक यांना घेतलं. एकाच वर्षी एकाच संघाने केलेली इतकी चांगली निवड क्वचितच झाली असेल. त्यांतले गार्व्ही, बकनर आणि व्हॅलेंटाइन त्याच उन्हाळ्यात ऑग्डेनला होते. असा कच्चा माल मिळाल्यावर कुणीही जिंकला असता, असं म्हणणारे आहेत. ऑग्डेनपुरतं ते काही अंशी खरंही आहे.

पण १९६९ ते १९७१ या काळात स्पोकेनमध्ये, सगळ्यांत वरच्या पायरीवर, त्याने जे केलं ते निव्वळ नशिबाचं नाही. १९७० च्या स्पोकेन संघाने ९४ सामने जिंकले, ५२ हरले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याने खेळाडूंच्या जागा बदलल्या. बिल रसेल १९६६ मध्ये ऑग्डेनला आला होता तो आउटफिल्डर, म्हणजे सीमेजवळचा क्षेत्ररक्षक, म्हणून. त्याला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, केलं. डेव्ही लोप्सही आउटफिल्डर, त्याला सेकंड बेसवर आणलं. जागा बदलणं म्हणजे नव्याने अक्षरओळख. शॉर्टस्टॉपकडे चेंडू जमिनीवरून, टप्पे खात, वेगाने येतो. तो वाकून उचलायचा आणि पाय सरळ व्हायच्या आत पहिल्या बेसकडे फेकायचा. आउटफिल्डमध्ये याची कधी गरजच पडत नाही. चुका होणार, रोज होणार, गर्दीसमोर होणार. मोठ्या संघात हे परवडत नाही. मायनर लीगमध्ये परवडतं, पण मॅनेजरने उद्याही त्याच मुलाला त्याच जागी उभं केलं तरच. लासोर्डा करत राहिला.

याचं फळ जून १९७३ पासून दिसलं. पहिल्या बेसवर गार्व्ही, दुसऱ्यावर लोप्स, शॉर्टस्टॉप रसेल, तिसऱ्यावर से. ही चौकडी १९८१ पर्यंत एकत्र खेळली. इतकी वर्षं टिकलेलं दुसरं इनफिल्ड मेजर लीगने पाहिलेलं नाही. १९७३ मध्येच लासोर्डा थर्ड बेस कोच म्हणून वर आला आणि २९ सप्टेंबर १९७६ ला वॉल्टर ऑल्स्टनच्या जागी मॅनेजर झाला. ऑल्स्टनने २३ वर्षं एकेका वर्षाच्या करारावर काढली होती. मॉन्ट्रियलमध्ये लासोर्डाचा मॅनेजरही तोच होता. १९७७ च्या पहिल्याच पूर्ण हंगामात नॅशनल लीगचं अजिंक्यपद आलं, १९७८ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा वर्ल्ड सिरीजमध्ये यँकीजने हरवलं. १९८१ मध्ये त्याच यँकीजविरुद्ध पहिले दोन सामने गमावून पुढचे चार जिंकले.

विश्वासाची दुसरी बाजू

१९८१ च्या त्या सिरीजमधला तिसरा सामना बघा. व्हॅलेन्झुएला २० वर्षांचा. हंगामाच्या पहिल्या दिवशी ठरलेला पिचर जेरी रॉयस जायबंदी झाला म्हणून लासोर्डाने या पोराला उतरवलं होतं आणि त्याने सलग आठ सामने जिंकून अख्खं लॉस एंजेलिस वेडं केलं होतं. या तिसऱ्या सामन्यात मात्र त्याची लय बिघडली होती. नऊ हिट, सात वॉक. दुसऱ्या कुणीही मॅनेजरने चौथ्या-पाचव्या इनिंगला त्याला बोलावून घेतलं असतं. लासोर्डाने नाही. जवळपास दीडशे चेंडू टाकून व्हॅलेन्झुएलाने सामना संपवला आणि डॉजर्स ५-४ असे जिंकले. ही लासोर्डाच्या विश्वासाची सर्वांत देखणी गोष्ट म्हणून सांगितली जाते.

मला त्यात स्केनेक्टडीच्या त्या १५ इनिंग दिसतात. १९८२ ते १९८७ या सहाही वर्षांत व्हॅलेन्झुएलाने अडीचशेहून जास्त इनिंग टाकल्या. १९८६ मध्ये तर २० सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने. १९८८ मध्ये खांदा गेला, १९९१ मध्ये डॉजर्सने त्याला सोडून दिलं. ऑरेल हर्शायझरचंही तेच. १९८८ मध्ये सलग ५९ इनिंग एकही धाव न देण्याचा विक्रम, आणि एप्रिल १९९० मध्ये खांद्यावर शस्त्रक्रिया. त्या काळी चेंडू मोजायची पद्धत आजच्यासारखी नव्हती आणि इतर मॅनेजरही पिचरना राबवत होते, हे खरं. तरी पिचरच्या हाताची काळजी घेण्यात माजी पिचर मॅनेजर कमी पडला, ही गोष्ट त्याच्या गुणगानात सोयीस्करपणे गळते.

डावपेचांतही तो कच्चा होता असं म्हणणाऱ्यांना १९८५ आठवतं. सेंट लुईसविरुद्ध सहावा सामना, नववी इनिंग, दोन बाद, डॉजर्स ५-४ ने पुढे. दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर माणसं, पहिला रिकामा, फलंदाज जॅक क्लार्क. त्याला मुद्दाम वॉक देऊन पुढच्याशी झुंजता आलं असतं. लासोर्डाने आपल्या पिचरवर, टॉम नीडनफ्यूअरवर भरवसा टाकला. क्लार्कने पहिलाच चेंडू स्टँडमध्ये भिरकावला. हंगाम संपला.

उलट १९८८ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना. ओकलंड ४-३ ने पुढे, नववी इनिंग, दोन बाद, पिचर डेनिस एकर्स्ली. कर्क गिब्सन दोन्ही पायांनी लंगडत आत बसलेला, नाव संघाच्या ओळखपरेडीतही नव्हतं. तो आतल्या आत टीवर, म्हणजे दांडीवर ठेवलेला, चेंडू मारून बघत होता. आपण एकदा बॅटिंगला जाऊ शकतो, असा निरोप त्याने बाहेर धाडला. लासोर्डाने काय केलं? गिब्सनला लपवून ठेवला आणि पुढचा फलंदाज म्हणून डेव्ह अँडरसनला बाहेर उभा केला. अँडरसनची भीती नसल्याने एकर्स्लीने माइक डेव्हिसला जपून, कोपऱ्यांवर चेंडू टाकले आणि वॉक दिला. मग अँडरसन आत आणि गिब्सन बाहेर. गिब्सनने चेंडू स्टँडमध्ये भिरकावला आणि त्या होमरनने सामना ५-४ असा फिरला. गिब्सन त्या सिरीजमध्ये पुन्हा खेळला नाही, डॉजर्सने ती ४-१ ने घेतली. होमरन गिब्सनचा, पण अँडरसनचं बुजगावणं लासोर्डाचं. डावपेच येत नाहीत म्हणणाऱ्यांनी एवढं तरी त्याच्या पदरात टाकावं.

त्याच वर्षी ड्राफ्टच्या ६२ व्या फेरीत त्याने नॉरिसटाउनच्या एका दोस्ताच्या मुलाला घ्यायला लावलं. उघड वशिला. पोरगा फर्स्ट बेसमन, कुणालाच नको होता. कॅचर हो, हा सल्ला लासोर्डाचा, म्हणजे रसेल-लोप्सचाच प्रयोग पुन्हा. माइक पियाझा १९९३ मध्ये सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. लासोर्डाच्या कारकिर्दीत डॉजर्सच्या नऊ जणांना हा नवोदितांचा पुरस्कार मिळाला.

खुर्ची बदलल्यावर

जून १९९६ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, जुलैत त्याने पद सोडलं. जागा घेतली ती बिल रसेलने, तीस वर्षांपूर्वीच्या ऑग्डेनच्या त्याच पोराने. दोन वर्षांनी नव्या मालकांनी रसेल आणि जनरल मॅनेजर फ्रेड क्लेअर या दोघांना एकाच दिवशी काढलं आणि जनरल मॅनेजरची हंगामी खुर्ची लासोर्डाला दिली. दोनच आठवड्यांत त्याने जेफ शॉ नावाचा तयार पिचर मिळवण्यासाठी संघाच्या मायनर लीगमध्ये घडलेला पॉल कोनेर्को देऊन टाकला. कोनेर्कोने पुढे कारकिर्दीत ४३९ होमरन मारले, त्यांतले ४३२ शिकागो व्हाइट सॉक्ससाठी. तीस वर्षं पोरांना ‘थांब, तुझी वेळ येईल’ सांगणारा माणूस खुर्ची बदलताच थांबायला तयार नव्हता. समोर बसलेल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवणं त्याला जमे. यादीतल्या नावाचं मोल करणं हे वेगळं काम होतं आणि ते त्याचं नव्हतं.

२००० मध्ये सिडनी ऑलिंपिकला अमेरिकेने संघ पाठवला तो मेजर लीगच्या ऐन हंगामात, म्हणजे मोठे खेळाडू मिळणार नव्हते. मायनर लीगमधली मुलं आणि काही उतारवयाचे. मॅनेजर लासोर्डा, वय ७३. समोर १९९२ आणि १९९६ चं सुवर्ण घेतलेला क्यूबा. साखळीत क्यूबाने ६-१ ने धुतलं. अंतिम सामन्यात बेन शीट्सने तीन हिट देऊन पूर्ण सामना टाकला, अमेरिका ४-०. नियमानुसार पदक खेळाडूंनाच, मॅनेजरला नाही.

कोरियाविरुद्ध साखळी सामन्यात चार धावांचा आणि उपांत्य फेरीत सामना जिंकून देणारा होमरन मारला तो डग मिंटकेविचने. १९९९ चा हंगाम मिनेसोटाकडून खेळून झाल्यावर त्याला पुन्हा मायनर लीगमध्ये ढकलण्यात आलं होतं. पुढच्या वर्षी तो मिनेसोटाचा नियमित फर्स्ट बेसमन झाला आणि अमेरिकन लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या दुसऱ्या शाखेचा, गोल्ड ग्लव्ह हा उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार घेऊन गेला.